गोपिकाबाईच्या बारा ताट्या

गोपिकाबाईचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. चारला नागपूरच्या इंदोरा वस्तीतल्या नळाला पाणी यायचं. दोन गुंड भरायचे, सासऱ्यासाठी भाकरी टाकायची आणि पायी निघायचं. साडेपाचला ती सिव्हिल लाईन्समधल्या हॉलवर हजर. सूर्य वर यायच्या आत ताट्या भिजल्या पाहिजेत. एकदा वाळा तापला की तो दुप्पट पाणी पितो, आणि तरी थंड होत नाही.

हॉल एका पारशी कुटुंबाच्या ट्रस्टचा होता. बारा दारं. उन्हाळ्यात प्रत्येक दाराला माणसाहून उंच ताटी लागायची, बांबूच्या चौकटीत वाळ्याच्या मुळ्या भरलेली. तिच्यावर पाणी मारलं की बाहेरची झळ आत येताना गार होते. दोन ताट्यांना एक बादली, दर अर्ध्या तासाला. विहीर चाळीस पावलांवर. सकाळी साडेपाच ते संध्याकाळी साडेपाच, एकशे चव्वेचाळीस बादल्या. हा आकडा अंदाजाचा नाही. मी त्याच हॉलवर हमाल होतो आणि मोजलेल्या आहेत.

दुसऱ्या बाया मगाने पाणी फेकायच्या. अर्धं ताटीवर, अर्धं फरशीवर. गोपिकाबाई वरच्या बांबूवर धार धरायची. पाणी मुळ्या-मुळ्यांतून हळू उतरायचं. तिची फरशी कोरडी असायची. काम ओळखायचं तर फरशी बघावी.

त्या हॉलमध्ये एक पियानो होता. आम्ही त्याला बाजा म्हणायचो. मालकांच्या आजोबांनी फ्रान्सहून बोटीने आणवलेला. काळा, तीन पायांचा, आठ माणसांचं ओझं. आठ म्हणजे आठ. सात असले तर आठव्याची वाट बघायची, हा आमचा नियम होता.

सन अडुसष्टच्या जानेवारीत मॅनेजर शरच्चंद्र भुसारी यांनी तो नियम मोडला. बाजा खालून स्टेजवर चढवायचा होता. त्या दिवशी आम्ही पाचच होतो. वसंत ढोके, म्हणजे गोपिकाबाईचा नवरा, म्हणाला, "साहेब, तीन माणसं येऊ द्या. पायऱ्यांवर टाकायला पाटही नाही."

"पाच पायऱ्या तर आहेत," मॅनेजर म्हणाले. "उचला. संध्याकाळी पाहुणे येऊन राहिले."

तिसऱ्या पायरीवर बाजा कलला. वसंत खालच्या बाजूला होता. त्याने सोडला असता तर तो वाचला असता. त्याने सोडला नाही. उजवा पाय मांडीपासून चिरडला. एकवीस दिवसांनी तो गेला.

बाजाला ओरखडा आला नाही.

मॅनेजरनी ट्रस्टसाठी कागद केला: हमाल वसंत ढोके दारूच्या नशेत होता, त्यामुळे अपघात झाला. वसंतच्या सदऱ्याला स्पिरिटचा वास होता, हे खरं. सकाळी त्याने बाजाला लाखेचं पॉलिश केलं होतं, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळवतात. मॅनेजरना हे माहीत होतं. पॉलिशची बाटली त्यांच्याच कपाटातून निघायची. कागदाखाली उरलेल्या चार हमालांच्या सह्या घेतल्या. नोकरी हवी असेल त्याने करावी, असं सांगून. चारातली एक सही माझी आहे.

आता रुपरावांबद्दल सांगतो, म्हणजे त्या कागदाने काय केलं ते कळेल. रुपराव वसंतचा बाप. तरुणपणी पिणारा माणूस. छप्पन्न साली पांढरे कपडे घालून दीक्षा घेतली, घरी येऊन स्वतःच्या हाताने दारूचं मडकं फोडलं, आणि चौदा वर्षांच्या वसंतला समोर उभं करून पंचशील म्हणायला लावलं. बापलेकांनी नंतर थेंब घेतला नाही. रुपरावांना वाचता येत नव्हतं, म्हणून लिहिलेल्यावर त्यांचा फार विश्वास. त्यांनी तो कागद वाचून घेतला आणि मला विचारलं, "ही सही तुही आहे का गा, मनोहर?"

मी म्हणालो, "हो."

"मंग झालं," म्हणाले, आणि त्या दिवसापासून पोराचं नाव घेणं सोडलं. विहारात पोराच्या नावाने दान द्यायचं होतं, तेही दिलं नाही. वस्तीत लोक बोलायचे, बापाचा गुण आला.

गोपिकाबाईला भरपाई मिळाली नाही. तिने मागितलीही नाही. तिला एकच गोष्ट हवी होती. तो कागद खोटा आहे हे ज्याने लिहिलं त्याच्याच हाताने लिहून पाहिजे होतं, आणि सासऱ्याच्या कानावर पडायला पाहिजे होतं.

लोक म्हणाले, त्या हॉलचं काम सोड. ती म्हणाली, "काहून सोडू? त्याच्या डोयासमोर राहीन. रोज." उन्हाळ्यात ताट्या, बाकीचे महिने झाडलोट. रोज सकाळी मॅनेजर आले की ती झाडू थांबवून विचारायची, "साहेब, तो कागद कधी बदलता?" एवढंच. पंधरा महिने. मॅनेजर आधी रागावायचे, मग हसायचे, मग मागच्या दाराने येऊ लागले. ती मागच्या दारी उभी राहू लागली.

एकोणसत्तरच्या मे महिन्यात मालकांची नात तारा पॅरिसहून आली. सहा वर्षं तिकडे पियानो शिकली होती. तिला एक रेकॉर्ड काढायची होती. फ्रान्सच्या लोकांनी याच शतकात रचलेलं संगीत. काही तुकड्यांत बाजा आणि दोन-तीन वाद्यं. एक मोठा तुकडा होता, त्यात बाजा पुढे आणि मागे बारा-पंधरा वाजवणारे. आधी बाजा बोले, मग बाकीचे, मग दोन्हीकडचे एकमेकांच्या अंगावर धावून जात. आमच्या खडी गंमतीच्या खेळातल्या सवाल-जवाबासारखं. मला ते पहिल्या दिवशी आवडलं नाही. तिसऱ्या दिवशी आवडलं.

मुंबईत याहून चांगले पियानो होते. पण तिची आजी याच बाजावर वाजवायची, आणि तिला हाच आवाज हवा होता. मुंबईहून टेपचं मशीन आलं, दोन माणसं आली, व्हायोलिनवाले आले, सूर लावणारा आला. बासरी आणि फुंकायची बाकी वाद्यं कामठीच्या छावणीतल्या बँडवाल्यांची. सगळ्यांच्या हाताशी तीनच दिवस होते. चौथ्या दिवशी परतीची गाडी, आणि त्याच आठवड्यात ताराचं विमान.

पंखे बंद, कारण मशीनला पंखा ऐकू येतो. म्हणून सगळी भिस्त ताट्यांवर.

पहिल्या दिवशी तीन वाद्यांचे तुकडे झाले. दुपारी मुंबईच्या माणसाने टेप परत लावला. बारीक आवाज येत होता. टप, टप. बारा दारांना पाणी मारायला त्या तीन दिवसांपुरत्या आणखी दोन बाया लावल्या होत्या, आणि फरशीवर थेंब पडत होते. गोपिकाबाईच्या चार दारांखाली नाही, बाकीच्या आठ दारांखाली. मॅनेजरनी तेवढं बघितलं नाही.

"उद्या सकाळपासून पाणी बंद," ते म्हणाले. "मी सांगेन तेव्हाच."

गोपिकाबाईने बादली खाली ठेवली. "साहेब, पाणी थांबलं का बाजा उतरते."

तिला हे वसंतने दाखवलं होतं. सकाळी बाजा पुसताना तो ताट्या भिजायच्या आधी एक पट्टी दाबायचा आणि दोन तासांनी तीच पट्टी पुन्हा दाबायचा. लाकूड हवेतलं पाणी पितं, फुगतं, आतल्या तारा ताणतं. हवा सुकली की सैल सोडतं. मुंबईच्या सूर लावणाऱ्याला हे समजायचं कारण नव्हतं. त्याच्या गावी हवा बारा महिने ओली. नागपूरचा मे त्याने बघितला नव्हता.

मॅनेजर सगळ्यांसमोर हसले. "आता तू आम्हाला सूर शिकवणार? की नवऱ्यासारखी सकाळीच घेऊन आलीस?"

हॉलमध्ये वीस माणसं होती. दोघं-चौघं हसली. बहुतेकांना ते बोलणं समजलंच नाही. गोपिकाबाईने बादलीतलं उरलेलं पाणी शेवटच्या ताटीवर सोडलं, बादली उपडी केली आणि म्हणाली, "बरं साहेब. तुम्ही म्हणान तेवढंच."

मी तिला ओळखत होतो. मला त्या "तेवढंच"ची भीती वाटली. आनंदही झाला.

दुसऱ्या दिवशी ती साडेपाचलाच आली. विहिरीजवळ सावलीत बसली. पाणी नाही. दहापर्यंत ताट्या वाळून कुरकुरू लागल्या. बाराला बाहेर पंचेचाळीस डिग्री. आत बाजाचा सूर खाली जात होता, आणि फुंकायच्या वाद्यांचा सूर उन्हाने वर चढत होता. मोठा तुकडा सहा वेळा सुरू झाला आणि सहा वेळा तुटला. मुंबईच्या माणसाने बँडवाल्यांना बोल लावला.

त्यांचा हवालदार बासरी पुसत म्हणाला, "बाबूसाहेब, फौजेत बावीस वर्षं फुंकून राहिलो. माझी बासरी चढली असेल. तुमचा बाजा मात्र पळून गेला."

एक वाजता सूर लावणाऱ्याने सगळ्या तारा पुन्हा ओढल्या. दोन तास लागले. हाताला फोड आले त्याच्या. तो मेहनती माणूस होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. तो मॅनेजरना म्हणाला, हवा फार कोरडी आहे. मॅनेजर घाबरले. तिथून ओरडले, "पाणी! सगळ्या ताट्यांवर! धो धो मारा!"

कोरड्या हवेत लावलेला बाजा आता एकदम ओल्या हवेत. गोपिकाबाईला हे कळत होतं. ती उठली. तासाभरात चाळीस बादल्या ओतल्या, एकटीने. एवढ्या वेगाने पाणी ओढताना मी कुणाला पाहिलं नाही. पाच वाजता बाजाचे मधले सूर वर, कडेचे खाली. सूर लावणाऱ्याने पाना पेटीत टाकला. "मेरे बस का नहीं," म्हणाला आणि व्हरांड्यात जाऊन बसला.

मी विहिरीवर गेलो. "बाई, झालं ना तुहं?"

"अजून नाही," ती म्हणाली. "मी तर सांगितलं तेवढंच केलं. माह्या कामात खोट दाखवा."

खोट नव्हती.

तारा पायऱ्यांवर बसली होती. त्याच पायऱ्या. रडत नव्हती. बोटं एकमेकांत घट्ट धरली होती. मी पुढे झालो. आतापर्यंत मी फक्त एक सही केली होती, तोंड उघडलं नव्हतं. म्हणालो, "बाईसाहेब, बाजाचं विचारायचं असेल तर पाणीवाल्या बाईला विचारा. तिने काल सांगितलं होतं."

तारा स्वतः विहिरीपर्यंत चालत आली. मॅनेजर मागून धावत आले.

"तुला माहीत होतं हे?"

"होतं."

"उद्या सकाळपर्यंत नीट होईल?"

"होईन. आतापासून पहाटेपर्यंत सारखं पाणी, ना कमी ना जास्त. मंग सूर लावा. मंग वाजवा. थेंबाचा आवाज येनार नाही, तो जिम्मा माहा."

"तुला काय हवं? पैसे देते मी."

"पैसे नको. कागद पाहिजे."

आणि तिने सांगितलं. पाच माणसं, तिसरी पायरी, स्पिरिट, एकवीस दिवस, सासरा. सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नसतील. पंधरा महिने घोटून घोटून तिने त्यातला एकही जादा शब्द ठेवला नव्हता. मॅनेजर मध्ये बोलू लागले तेव्हा तारा हात वर करून म्हणाली, "थांबा." मग तिने गोपिकाबाईला सांगितलं, "पियानो स्टेजवर ठेवा, असं पत्र मीच लिहिलं होतं. पॅरिसहून."

तिला वाटलं असेल, बाई म्हणेल जाऊ द्या. गोपिकाबाई म्हणाली, "मंग तुमचंही नाव येते त्यात."

तारा म्हणाली, "हो. येतं."

मॅनेजरनी ऑफिसात बसून कागद लिहिला. तारा वाचू लागली: "वसंत ढोके हा बहुधा दारू प्यायलेला नसावा."

"बहुधा काढा," गोपिकाबाई म्हणाली.

दुसरा कागद झाला. "वसंत ढोके दारू प्यायलेला नव्हता."

"पाच माणसं कोनं लावली, ते कुठी आहे?"

मॅनेजर म्हणाले, "बाई, आता अति होतंय."

"आठाच्या जागी पाच, हे अति नव्हतं?"

तिसरा कागद बरोबर झाला. तारानेही खाली सही केली. तरी गोपिकाबाई बादलीला हात लावेना. "माह्या सासऱ्यापुढं वाचा."

रुपरावांना रिक्षाने आणलं. म्हातारा हॉलमध्ये पहिल्यांदाच आला होता. व्हायोलिनवाले, बँडवाले, मशीनवाले उभे राहिले. का, ते त्यांना ठाऊक नसेल. मॅनेजरनी वाचलं. रुपराव म्हणाले, "पुन्हा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं.

"मले कमी ऐकू येते. जोरानं वाचा."

रुपरावांचे कान शेवटपर्यंत ठणठणीत होते. तिसऱ्यांदा वाचताना मॅनेजरचा आवाज फाटला. म्हाताऱ्याने सावकाश मान हलवली, बाजाकडे बघितलं आणि म्हणाला, "वसंता." मग माझ्याकडे वळला. "अन् तू?"

मी म्हणालो, "माझी सही खोटी होती."

"मले काहून सांगतं? त्यात लिही."

मी लिहिलं. खाली सही केली. ती सही अजून आहे.

त्यानंतर गोपिकाबाईने पदर खोचला. प्रत्येक दाराच्या उंबऱ्यावर भिजवलेली गोणपाटं दुहेरी घातली, म्हणजे थेंब त्यात मुरेल. वरच्या बांबूला जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि पाणी त्या पट्ट्यांना पाजलं. दर अर्ध्या तासाला तेवढंच. उरलेल्या दोन बायांना तिने हातही लावू दिला नाही. विहिरीचं पाणी मी ओढलं. ती बसली नाही. पहाटे सूर लावणाऱ्याने काम सुरू केलं तेव्हा हॉलमध्ये श्रावणातली हवा होती. साडेपाचला त्याने एक सूर वाजवला, दहा मिनिटं थांबून तोच वाजवला आणि हात जोडले. बाजाला की बाईला, सांगता येत नाही.

सहाला वाजवणं सुरू झालं. बाई अनवाणी, हातात ओली फडकी, एका दारावरून दुसऱ्या दारावर. फडकं पट्टीवर दाबायचं, पिळायचं नाही. मोठा तुकडा दुसऱ्या खेपेला पुरा झाला. अकराला मशीन बंद झालं. हवालदार म्हणाला, "आज बाजा लाईनीत आला."

तारा गेली. तिची पाठ फिरताच मॅनेजरनी ट्रस्टींना सांगितलं की तो कागद एका हट्टी बाईला गप्प करायला लिहिला होता, बाईसाहेबांचं काम अडू नये म्हणून. ट्रस्टींनी मानलं. मॅनेजरची खुर्ची हलली नाही. गोपिकाबाईला काम बंद झालं. मलाही.

महिन्याभराने मॅनेजर इंदोऱ्यात आले, स्कूटर लांब उभी करून. म्हणाले, "कायमची नोकरी देतो. तो कागद परत दे."

ती चूल फुंकत होती. उठलीही नाही. "नोकरी तुमच्यापाशी राहू द्या साहेब. तुमचं नाव माह्यापाशी राहू द्या."

त्या रात्रीपासून तिला एकच काळजी लागली. कागद जळतो, भिजतो, चोरीला जातो. तिने तो टिनाच्या डब्यात ठेवला आणि खापरखेड्याला वीजघराच्या कामावर घमेली वाहायला जाऊ लागली. आता साडेतीनच्या जागी तीनला उठायची.

एकाहत्तर साली ताराने रेकॉर्ड पाठवली. पुठ्ठ्यावर सगळ्यांची नावं होती. बँडवाले, सूर लावणारा, मशीनवाले. मॅनेजरचे आभारही होते. बाईचं नाव नव्हतं. मी तिला सदरमधल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेलो. तिने एक बाजू उभ्याने ऐकली, डोळे जमिनीवर ठेवून, फरशी बघावी तशी. सुई उचलल्यावर म्हणाली, "सूर उतरला नाही. थेंबही नाही." आणि रेकॉर्ड मला देऊन टाकली.

चौऱ्याहत्तरात तिने कागदातलं कोरून घ्यायला दगड घेतला. विहारात लावायचा होता. भन्तेजी म्हणाले, "बाई, वसंताचं नाव लावा, आनंदाने लावा. पण दुसऱ्याचा दोष दगडावर कोरू नका. राग सोडा." तिने वाकून वंदन केलं आणि म्हणाली, "भन्तेजी, राग सोडला असता तर आजवर पोराचं नाव बापानं घेतलं नसतं." दगड तिने घराच्या कोपऱ्याला लावायचं ठरवलं. तिथून सिव्हिल लाईन्सकडे जाणारा रस्ता दिसतो. मॅनेजर रोज त्याच रस्त्याने जायचे.

कामठी रोडचा पाथरवट अक्षरांवर पैसे घ्यायचा. कागद वाचून तो म्हणाला, "बाई, मॅनेजरचं नाव काहून? तेवढी अक्षरं वाचतील."

"दगड त्याच्यासाठीच आहे," ती म्हणाली. "तेच खोल कोर."

त्याने खोल कोरलं. वसंत ढोके दारू प्यायलेला नव्हता. पियानो आठ माणसांचा होता, मी पाच माणसं लावली. शरच्चंद्र भुसारी, मॅनेजर. खाली लहान अक्षरांत ताराचं नाव, त्याखाली माझं. रुपराव पुढची सहा वर्षं त्या दगडाला टेकून बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट लावून वाचायला सांगत राहिले. मॅनेजर दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागले. तो रस्ता दीड मैल लांबचा आहे.

पाच वर्षं घमेली वाहून गोपिकाबाईने हा दगड घेतला.